गोडी छाटणीआधी दारची जास्वंद तपासा

निफाड, दिंडोरी, चांदवडकडे द्राक्षाच्या मळ्यातल्या घरापुढे जास्वंद हमखास असते. गणपतीला लाल फूल दारचंच हवं, म्हणून पिढ्यान् पिढ्या लावलेली. आता गणपती उठले, थोड्याच दिवसांत गोडी छाटणीच्या, म्हणजे द्राक्षवेलीला फळ धरण्यासाठी करतात त्या छाटणीच्या, कात्र्या चालू होतील. त्याआधी थोडा वेळ या झाडासाठी काढा. जानेवारीनंतर घडात शिरणारा पिठ्या ढेकूण, म्हणजे आपला मिलीबग, पावसाळाभर याच झाडावर टिकून राहिलेला असू शकतो.

द्राक्षाला त्रास देणाऱ्या गुलाबी मिलीबगला जास्वंद फार आवडते. 1994 साली ही कीड कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर पोचली, तेव्हा सर्वांत जास्त हाल झालेल्या झाडांत जास्वंद होती. आपल्याकडे भेंडी, अंबाडी, पेरू, सीताफळ आणि तुतीवरही ती जगते.

आधी शेंडे बघा. किडीच्या लाळेमुळे कोवळी पानं चुरगळतात, पेरं आखूड होतात आणि शेंड्याचा गुच्छ बनतो. पुष्कळदा लोक याला व्हायरस समजून सोडून देतात. तसा शेंडा उलगडून पाहा. आत कापसासारखे पुंजके दिसले आणि किडा दाबल्यावर लालसर पाणी निघालं, तर शंका उरत नाही. एक मादी साधारण 300 ते 600 अंडी घालते आणि उबदार, कोरड्या हवेत महिनाभरात पुढची पिढी तयार होते. बारीक पिल्लं वाऱ्याने, मजुरांच्या कपड्यांवरून, कात्रीवरून बागेत जातात. मिलीबग सोडतो त्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्यांना सांभाळतात, शत्रूंना जवळ येऊ देत नाहीत. म्हणून खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर मिलीबग आहे का ते बघायचंच.

पण दिसेल ते पांढरं चिरडायच्या आधी थांबा. मिलीबग खाणाऱ्या क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळीसुद्धा पांढऱ्या मेणकट झुपक्यांनी झाकलेली असते आणि पहिल्या नजरेत मोठा मिलीबगच वाटते. फरक असा, की मिलीबगची मादी जेमतेम 3 मिलिमीटरची आणि जवळजवळ जागेवरच असते. ही अळी सेंटिमीटरभर वाढते, काडी लावली की झपझप चालते. मोठा भुंगेरा काळपट असतो, डोकं आणि पाठीचं टोक नारिंगी. 1898 साली हा भुंगेरा ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. दारच्या जास्वंदीवर तो दिसला तर ते झाड तुमच्यासाठी फुकटची मित्रकीटक नर्सरी आहे. त्यावर कीटकनाशकाचा पंप अजिबात चालवू नका. फुलांवर शिंजीर आणि मधमाश्याही येतात, त्यांचाही विचार करा.

मग जास्वंद ठेवायची की काढायची? माझं मत स्पष्ट आहे. बागेच्या बांधावर किंवा तारेलगत असेल तर काढा, तिथे तिची जोखीम मोठी आहे. घरापुढे, बागेपासून लांब असेल तर ठेवा, पण दर आठवड्याला शेंडे बघायचे. पावसामुळे किडीची संख्या सध्या कमी असते, त्यामुळे आत्ता केलेलं काम सर्वांत स्वस्त पडतं. गुच्छ झालेले शेंडे कापून थेट पिशवीत भरा आणि जाळा किंवा खोल पुरा. बांधावर फेकले तर पिल्लं चालत बागेत येतील. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोराचा फवारा मारा. गरज वाटली आणि मित्रकीटक नसतील तर 5 टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा. हे काम बागेतली कामं उरकल्यावर दिवसाच्या शेवटी करा, कात्री धुऊन ठेवा, आणि त्याच कपड्यांनी परत बागेत जाऊ नका.

बागेत खोड आणि ओलांड्यांची (तारेवर पसरलेल्या वेलीच्या जाड फांद्यांची) सुटलेली साल हाताने काढून गोळा करा, कीड तिच्याखालीच दडते. काढलेली साल सरीत पडू देऊ नका. मिलीबग सापडलेले वेल फीत बांधून ठेवा, म्हणजे पुढे नेमकं तिथेच बघता येईल. क्रिप्टोलिमस सोडायचा असेल तर वेलाला साधारण 10 भुंगेरे, संध्याकाळी, आणि अलीकडे कीटकनाशक मारलेलं नसताना. मुंग्यांचा बंदोबस्त आधी करा, नाहीतर त्या भुंगेऱ्यांना हुसकावतात. निर्यातीचा माल असेल तर कोणतंही औषध पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू हंगामाच्या यादीत बघून, काढणीपूर्व कालावधी (शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत ठेवायचे दिवस) मोजूनच घ्या. दुकानदाराने सांगितलं एवढ्यावर जाऊ नका.

मणी वाढू लागले की फीत बांधलेल्या वेलांच्या खोडावर मुंग्या चढतात का, ते सकाळी ऊन तापायच्या आत पाहत जा. रांग दिसली तर त्या वेलाची साल पुन्हा सोलून बघा, आणि त्याच दिवशी दारच्या जास्वंदीचे शेंडेही.