खाऱ्या पाण्याची छोटी टाकी: बुजरे आधी, दांडगे नंतर

मरीन टँकमध्ये जो मासा आधी आला, तो टाकी आपल्याच बापाची समजतो. नंतर येणाऱ्याला तो कोपऱ्यात दाबतो, खाऊ देत नाही, आणि बिचारा चार दिवसांत मरतो. म्हणून कोणते मासे घ्यायचे याइतकंच ते कोणत्या क्रमाने सोडायचे हेही महत्त्वाचं. इथे अडीच फूट लांबीची, साधारण 100 ते 120 लिटरची टाकी धरली आहे.

1. पाणी

चौपाटीवरून पाणी भरून आणायचा मोह टाळा. मुंबईच्या किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही उतरतो. आरओच्या पाण्यात मरीन सॉल्ट मिसळा, लिटरला साधारण 35 ग्रॅम. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं साधन) घनता 1.025 आणि तापमान 25-26 अंश हवं. एप्रिल-मेमध्ये पाण्यावर पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात, पण मग पाणीही भराभर उडतं. ही तूट साध्या आरओच्या पाण्यानेच भरा. मीठ उडत नाही, त्यामुळे खारं पाणी ओतत राहिलात तर टाकी दिवसेंदिवस जास्त खारट होते.

2. टाकी सायकल होऊ द्या

दगड, वाळू, फिल्टर लावून चार ते सहा आठवडे थांबा. माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच, यालाच टाकी सायकल होणं म्हणतात. सुरुवातीला बाटलीतला अमोनिया थोडा घाला, म्हणजे जिवाणूंना खाणं मिळतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय मासा नाही. ‘सायकल करायला दोन डॅमसेल टाका’ असा सल्ला दुकानात हमखास मिळतो. ऐकू नका. डॅमसेल हे छोटे मासे चिवट असतात, जगतातही, आणि मग टाकीचे दादा होऊन बसतात.

3. यादी कागदावर करा

एवढ्या टाकीत पाच छोटे मासे म्हणजे भरपूर. प्रत्येकाची वावरायची जागा वेगळी असली की भांडण निम्मं मिटतं. माझी पसंती अशी: मधल्या पाण्यात एक फायरफिश, तळाला एक पिवळा वॉचमन गोबी, दगडांवर एक टेलस्पॉट ब्लेनी, आणि ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी.

गोबीसोबत जमल्यास पिस्तूल कोळंबी घ्या. कोळंबीला जेमतेम दिसतं. ती दिवसभर बीळ उकरून वाळू बाहेर ढकलते आणि एक मिशी सतत गोबीच्या अंगाला लावून ठेवते. गोबी दाराशी पहारा देतो. धोका दिसला की तो शेपटी थरथरवतो, आणि दोघं क्षणात आत.

क्लाउनफिश एक मोठा, एक छोटा निवडा. हे सगळे नर म्हणूनच जन्मतात, वरचढ ठरतो तो मादी होतो. दोन्ही सारखे मोठे घेतले तर जुंपते. समुद्रात ते ज्याच्या आसऱ्याने राहतात तो अ‍ॅनिमोन हा फुलासारखा दिसणारा जीव त्यांना लागतोच असं नाही, नव्या टाकीत तो बहुधा टिकत नाही. शक्यतो पैदास केंद्रातलेच मासे मागा.

काय घेऊ नये? ब्लू टँग, कारण तो फूटभर वाढतो. मँडरिन, कारण तो जिवंत सूक्ष्म जीव टिपून जगतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. मरून क्लाउन आणि डोमिनो डॅमसेल भांडकुदळ. समुद्रघोडे आणि समुद्रातून काढलेली प्रवाळं यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, कोणी गुपचूप देऊ केली तरी हात लावू नका.

4. दुकानात

मासा खाताना दाखवा म्हणा. खात नसेल तर स्वस्तात मिळाला तरी नको. धापा टाकणारा, पंख मिटून बसलेला, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके असलेला मासा तिथेच सोडा.

5. वेगळ्या टाकीत महिनाभर

आणलेला मासा आधी वेगळा ठेवा, म्हणजे रोग असलाच तर मुख्य टाकीत जात नाही. साधी 40 लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, लपायला पाइपचे तुकडे, एवढं पुरतं. ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध द्यायचंच झालं तर इथेच द्या. मुख्य टाकीत गेलं तर कोळंबी जगणार नाही.

6. सोडण्याचा क्रम

आधी फायरफिश. तो इतका बुजरा की दचकला तर उडी मारून थेट फरशीवर येतो, त्यामुळे वर जाळीचं झाकण हवंच. मग गोबी, मग ब्लेनी, आणि शेवटी क्लाउनची जोडी. क्लाउन दिसायला गोजिरवाणे असले तरी कूळ डॅमसेलचंच, वयात आले की कोपरा राखू लागतात. दोन खेपांमध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि प्रत्येक खेपेनंतर अमोनिया तपासा.

प्रत्येक माशाला आधी भांड्यात ठेवा. एअरच्या नळीला सैलशी गाठ मारून टाकीचं पाणी त्यात थेंबथेंब सोडा, पाऊणएक तास. नंतर मासा जाळीने उचला, भांड्यातलं पाणी टाकीत ओतू नका. दिवे संध्याकाळपर्यंत बंद.

पहिले दोन दिवस थोडी पाठलाग-पळापळ होईल, ती चालायचीच. पंख फाटू लागले किंवा एखादा खायलाच बाहेर येईना, तर दगडांची मांडणी बदला, म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात. तरीही नाही जमलं तर दांडग्याला बाहेर काढा. दुकानदार मासा परत घेईल का, हे विकत घेतानाच विचारून ठेवलेलं बरं.