परत आलेला तागा: माग खात्यातल्या या चुका टाळा

कापडाचा तागा व्यापाऱ्याकडून परत आला की पहिली शिवी घडीवाल्याला, म्हणजे कापड तपासून घडी घालणाऱ्याला, बसते. "एवढा मोठा फॉल्ट तुला दिसला नाही?" दिवाणजी विचारतात, घडीवाला मान खाली घालतो, आणि ज्या मागावर तो तागा बिघडला तो तिकडे तसाच खडखडत असतो. इचलकरंजीत ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कोरं कापड तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला. आज एका भिंतीआड हवेच्या झोताने विणणारे एअरजेट आणि दुसऱ्या भिंतीआड साधे माग चालतात. कापड परत येण्याची कारणं मात्र दोन्हीकडे बरीचशी सारखी. घडीच्या टेबलावर दोष सापडतो एवढंच. तो झालेला असतो काही तास आधी, कधी सायझिंगमध्ये, म्हणजे उभ्या सुताला खळ लावताना, आठवडाभर आधी.

एका धाग्याचं गणित

व्यापाऱ्याकडे कापड बहुतेक चार पॉइंटच्या पद्धतीने तपासतात. दोष ३ इंचांपर्यंत असेल तर १ पॉइंट, ६ पर्यंत २, ९ पर्यंत ३, त्याहून लांब असेल तर ४. इंचभरापर्यंतच्या भोकाला २, मोठ्या भोकाला ४. एका यार्डात चाराच्या वर पॉइंट धरत नाहीत. १०० चौरस यार्डांना ४० च्या आत बसलं तर सहसा माल पास.

आता ६३ इंच पन्ह्याचा, १२० यार्डांचा तागा घ्या. उभा एकच धागा तुटला आणि २० यार्ड तसाच चालला. यार्डाला ४ प्रमाणे झाले ८० पॉइंट. ८० ला ३६०० ने गुणा, मग ६३ आणि १२० च्या गुणाकाराने भागा. उत्तर येतं १०० चौरस यार्डांना ३८. आणखी एक चार पॉइंटचा दोष आला की बरोबर ४०. बाकी सगळा तागा आरशासारखा स्वच्छ असला तरी.

मला त्या ३८ पेक्षा त्यामागचा वेळ जास्त बोचतो. साधा माग मिनिटाला १५० पिक, म्हणजे आडवे धागे, मारतो असं धरू. कापड इंचाला ६० पिकांचं असेल तर मिनिटाला अडीच इंच विणलं जातं. २० यार्ड म्हणजे ७२० इंच, म्हणजे २८८ मिनिटं. जवळजवळ पावणेपाच तास त्या मागावरच्या कापडाकडे कुणी नीट बघितलंच नाही!

बघणार तरी कोण? बऱ्याच साध्या मागांना उभा धागा तुटल्यावर आपोआप थांबायची सोय नसते. एका कामगाराकडे सहा-आठ माग, आणि मजुरी मीटरवर. धागा जोडायला माग थांबवला तर पैसे त्याचेच बुडतात. वर फॉल्टचा दंडही त्यालाच. मग तो दोष दडवतो, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही दडवला असता. मालकांना हे पटत नाही, पण मीटर मोजून पैसे दिले की मीटरच मिळतात.

माझ्या पाहण्यात चाललेला उपाय साधा आहे. दोष दिसला की कामगाराने त्या जागी किनारीला रंगीत दोरा बांधायचा. दोरा बांधलेल्या दोषाला दंड नाही, न बांधलेला सापडला तर विचारणा. पहिल्या आठवड्यात दोरेच दोरे दिसतात आणि मालक घाबरतो. घाबरू नये, ते फॉल्ट आधीही होतेच. जॉबरने, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्याने, तासातासाला प्रत्येक मागाच्या कापडावर हात फिरवून पुढे जायचं. तुटका धागा डोळ्याआधी बोटांना लागतो.

दोष तागाभर एकाच रेषेत, पन्ह्यात त्याच जागी असेल तर विणणाऱ्याला बोलण्यात अर्थ नाही. फणीच्या, म्हणजे उभे धागे ज्यातून जातात त्या कंगव्याच्या, घरात एक धागा कमी-जास्त भरला गेलाय किंवा फणीची पात वाकलीय. वहिफणीनंतर, म्हणजे उभे धागे वही आणि फणीतून ओवून झाल्यावर, पहिला अर्धा मीटर विणून, उजेडावर धरून बघितल्याशिवाय माग पुढे सोडू नका. ही दहा मिनिटं वाचवली की अख्खा बीम (उभ्या सुताचा रूळ) भोगतो.

लाईट गेली की

सगळे माग एकदम बंद पडतात, आणि लाईट आल्यावर प्रत्येक कापडावर आडवी पातळ पट्टी उमटते. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, ताणामुळे कापडाची विणती कड जागची हललेली असते आणि पहिल्या एक-दोन पिकांना पूर्ण वेगाचा ठोका मिळत नाही. लाईट आली की धावत जाऊन सगळे माग एका दमात चालू करणं ही इथली नेहमीची चूक. कापड ओढणाऱ्या रॅचेटचे एक-दोन दात मागे घ्या, कड बघा, मगच सोडा. माग जास्त वेळ बंद राहणार असेल तर ताणाही थोडा सैल करून ठेवा. साध्या मागावर पट्टी पूर्ण जाणार नाही, पण व्यापाऱ्याच्या डोळ्यात खुपणार नाही इतकी होते.

आडव्या सुताचे लॉट

ही चूक सगळ्यात महाग, कारण ती ग्रे कापडात दिसतच नाही. एका कारखान्यात जुन्या लॉटचे सुताचे चार कोन उरले होते. "वाया कशाला घालवायचे" म्हणून कांडीवाल्याने, म्हणजे आडव्या सुताच्या कांड्या भरणाऱ्याने, ते नव्या लॉटमध्ये मिसळले. घडीत कापड पास, व्यापाऱ्याकडे पास. गडद निळा रंग लागला आणि पाटासारखे आडवे पट्टे वर आले. महिनाभर सगळ्यांनी डाईंगवाल्याला धुतलं. काउंट, म्हणजे सुताची जाडी, तोच असला तरी कापूस वेगळा, पीळ वेगळा, त्यामुळे रंग वेगळा धरला जातो. उरलेले कोन वेगळे ठेवा आणि फडक्यांच्या मालाला वापरा. शंका असेल तर अंधारात अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली कोन शेजारी शेजारी धरा. मिसळलेला लॉट बऱ्याचदा वेगळा चमकतो. कापसात आलेले पोत्याचे प्लास्टिकचे तंतूही असेच रंगल्यावर उघडे पडतात, कारण ते रंग घेत नाहीत.

मोजमापात फसगत

पिक मागावरच मोजून कमी भरले म्हणून गिअर बदलू नका. मागावर ताणा ओढलेला असतो. कापड उतरून सैल झालं की पिक वाढतात. टेबलावर पसरून, तीन-चार जागी मोजून मग ठरवा.

वजनाचंही तेच. गोल कटरने १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापून ग्रॅमला शंभरने गुणलं की जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम ते, मिळतो, पण सुती कापड हवेतलं पाणी पितं. जुलैत भरलेलं वजन एप्रिलमध्ये भरत नाही आणि मग भांडणं लागतात. आपल्याकडच्या प्रमाणानुसार ६५ टक्के आर्द्रता आणि २७ अंशात नमुना मुरू द्यायचा असतो. तेवढी खोली नसेल तर निदान व्यापारी आणि तुम्ही एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन करा.

पावसाळ्यात ओलसर जमिनीवर तागे रचणं तर मुळीच नको. खळीतला स्टार्च म्हणजे बुरशीला जेवणाचं ताट.

आणि चिठ्ठी. माग नंबर, बीम नंबर, पाळी, आडव्या सुताचा लॉट: चार ओळी, ताग्याच्या टोकाला टाचलेल्या. चिठ्ठीला कंटाळणाऱ्यांना मी निळ्या पट्ट्यांचा तो प्रसंग सांगतो. कोन मिसळले होते हे कांडीवाल्यानेच शेवटी कबूल केलं. पण त्या लॉटचे आणखी किती तागे गोदामात आहेत, ते कुणालाच सांगता येईना. शेवटी दोनशे तागे पुन्हा उलगडले, प्रत्येकाचा तुकडा रंगवून बघितला. खराब निघाले अकरा.