घर सोडून निघायची वेळ आली तर पिशवीत काय भरायचं

अचानक घर सोडावं लागलं तर सोबत काय घ्यायचं, हे शोधायला गेलं की साठ-सत्तर वस्तूंच्या याद्या समोर येतात. त्यांत दोरखंड असतो, कुऱ्हाड असते, होकायंत्र असतं. औषधांच्या वाट्याला मात्र एकच शब्द, 'औषधे'. या याद्यांची मला चीड येते. पूर असो, वादळ असो की जवळ लागलेला वणवा, घर सोडलेला माणूस जंगलात राहायला जात नाही. तो निवाऱ्यात जातो, एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये जातो, नाहीतर नातेवाइकांकडे. तिथे अंथरायला, खायला, प्यायला आज ना उद्या मिळतं. तुमच्या नंबरचा चष्मा मिळत नाही. वडिलांची फिट्सची गोळी मिळत नाही.

म्हणून निवडीची कसोटी एकच ठेवा. ही वस्तू तीन दिवस मिळाली नाही तर घरातल्या नेमक्या कोणाचे हाल होतील? कोणाचं तरी नाव सांगता आलं तर वस्तू आत, नाहीतर बाहेर. 'असू दे, कधीतरी लागेल' म्हणून काहीही भरायचं नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. घराला आग लागली असेल किंवा गॅसचा वास येत असेल तर ही पिशवीसुद्धा विसरा. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं प्रवासी विमान उतरताना दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं. त्या प्रवासी विमानातले सगळेच्या सगळे ३७९ जण जिवंत बाहेर आले, कारण बॅगा काढत बसण्याऐवजी लोक सामान सोडून उतरले. पिशवी ही निदान पाच-दहा मिनिटं हाताशी आहेत अशा प्रसंगासाठी असते.

पहिली पायरी: वजन

पिशवी पाठीवरची हवी. चाकांची बॅग जिन्यात अडते, पाण्यात आणि चिखलात तर ओढताच येत नाही. चालू शकणाऱ्या प्रत्येकाची वेगळी पिशवी, आणि तिचं वजन त्याच्या वजनाच्या १५ टक्क्यांच्या आत. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९ किलो. एका हाताला लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर त्याहूनही कमी.

वजन वाढतं ते पाण्यामुळे. माणशी रोज ४ लिटर, तीन दिवसांचं, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो घरात थांबणाऱ्यांसाठी बरोबर आहे. पिशवीत तेवढं पाणी भरायचं म्हटलं तर एकट्याचेच १२ किलो होतात. पिशवीत एक लिटरची भरलेली बाटली ठेवा आणि सोबत पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या. पाणी गढूळ असेल तर आधी कापडातून गाळा, मग पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात गोळी टाका आणि निदान अर्धा तास थांबा.

दुसरी पायरी: औषधं

खरं काम इथे आहे. मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला. आईला इन्सुलिन आहे, शिवाय रक्तदाबाची आणि थायरॉइडची गोळी. 'आठवड्याची औषधं पिशवीत ठेवा' असं सांगून लोक मोकळे होतात, पण ठेवलेल्या औषधांचं पुढे काय होतं ते कोणी बघत नाही. सहा महिन्यांनी पिशवी उघडली की एका गोळीची मुदत संपत आलेली असते. दुसरीचा डोस मधल्या काळात डॉक्टरांनी बदललेला असतो. तिसरी असते कापलेल्या स्ट्रिपचा तुकडा, ज्याच्यावर ना नाव, ना तारीख. या तिन्हींत जुना डोस मला सगळ्यात घातक वाटतो. मुदत निदान छापलेली असते. २५ मिलिग्रॅमची गोळी आणि ५० मिलिग्रॅमची गोळी मात्र घाईत सारखीच दिसते, आणि निवाऱ्यातल्या अंधुक दिव्याखाली आकडा कोण वाचत बसणार?

यावर उपाय असा. पिशवीतली औषधं हा वेगळा साठा समजूच नका. महिन्याची नवी औषधं आणली की ती आधी पिशवीत जातात, आणि पिशवीतल्या स्ट्रिपा रोजच्या डब्यात येतात. दर वेळी हाच क्रम. त्यामुळे पिशवीत कायम सगळ्यात ताजी औषधं राहतात, मुदत संपायचा प्रश्नच उरत नाही आणि वेगळी आठवणही लावावी लागत नाही. डोस बदलला तर मात्र महिन्याची वाट पाहू नका. त्याच संध्याकाळी पिशवीतली जुनी स्ट्रिप काढा.

सुरुवातीला हा जादा साठा जमवायचा असेल तर एकदाच पुढच्या महिन्याची औषधं आठवडाभर आधी आणा. तेवढ्याने सात दिवसांची सोय होते. काही गोळ्या, विशेषतः झोपेच्या, मोजूनच मिळतात. त्या रोजच्या डब्यातच राहू द्या आणि 'डबा घे' असं पिशवीच्या वरच्या कप्प्यावर मोठ्या अक्षरात चिकटवा. स्ट्रिप कापू नका, अख्खी ठेवा. कापावीच लागली तर नाव आणि तारीख ज्या टोकाला छापली आहे ते टोक पिशवीत जाऊ द्या.

सगळ्या गोळ्या सारख्या महत्त्वाच्या नसतात, हे तर याद्यांत कोणी लिहीतच नाही. फिट्सची गोळी अचानक थांबली तर झटका येऊ शकतो. बरेच दिवस चालू असलेलं स्टिरॉइड एकदम बंद करणं धोक्याचं असतं. रक्त पातळ ठेवणारी औषधं, हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या याच गटातल्या. टाइप १ मधुमेहात तर एक दिवस इन्सुलिन नसणंही जिवावर बेतू शकतं. उलट थायरॉइडच्या गोळीचा अंश शरीरात बरेच दिवस टिकतो, त्यामुळे दोन-तीन दिवस ती चुकली तर सहसा बिघडत नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळीचंही तसंच. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर सगळी यादी ठेवून विचारा, 'यातली कोणती एक दिवसही चुकता कामा नये?' ज्या गोळ्यांवर ते बोट ठेवतील त्या वेगळ्या छोट्या पाकिटात ठेवा. पिशवी हातची गेली तरी ते पाकीट अंगावर राहिलं पाहिजे.

इन्सुलिनपुढे लोक हातच टेकतात, कारण त्याला फ्रिज लागतो हे एवढंच त्यांना माहीत असतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचं, हे खरं. पण वापरात असलेलं, बहुतेक प्रकारचं इन्सुलिन ३० अंशांच्या आत साधारण २८ दिवस चांगलं राहतं. नक्की किती, ते तुमच्या इन्सुलिनच्या खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं. तो एकदा वाचाच. म्हणून घर फार तापत नसेल तर वापरातलं पेन, सुया आणि ग्लुकोमीटर पिशवीच्याच एका कप्प्यात ठेवा आणि रोज तिथूनच घ्या. मग फ्रिज उघडायला वेळ मिळाला नाही तरी पेन सोबत आलेलं असतं. फ्रिजमधलं घेता आलं तर कापडात गुंडाळून घ्या, बर्फाला चिकटवून नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. साखर उतरली तर द्यायला १५ ग्रॅम ग्लुकोजच्या पुड्या त्याच कप्प्यात ठेवा. त्या दिल्यावर १५ मिनिटांनी पुन्हा साखर मोजा.

इनहेलरबद्दल एक जुना सल्ला अजून फिरतो, की किती शिल्लक आहे ते बघायला डबी पाण्यात टाका आणि तरंगते का पाहा. अजिबात करू नका. त्यावरून काहीही कळत नाही, शिवाय नळी बुजू शकते. पिशवीत आकडा दाखवणारा इनहेलर ठेवा. आणि पिशवी गाडीच्या डिकीत ठेवायचा मोह टाळा. उन्हात उभ्या गाडीत कुठलंच औषध धड राहत नाही.

सगळ्यात शेवटी प्रत्येकाचं एक कार्ड. औषधाचं कंपनीचं नाव नको, मूळ रासायनिक नाव लिहा. दुसऱ्या गावात तीच कंपनी मिळेल याची खात्री नसते. पुढे मिलिग्रॅम, किती वाजता आणि कशासाठी. त्याखाली ॲलर्जी, ठळक. रक्तगटासाठी लोक फार धडपडतात, पण रक्त चढवायची वेळ आली तर रुग्णालय स्वतः तपासूनच चढवतं. ॲलर्जी मात्र लगेच कळत नाही, सांगणाराच बेशुद्ध असेल तर मुळीच नाही. जेल पेनाची शाई ओली झाली की पसरते, म्हणून बॉलपेन किंवा पेन्सिल वापरा.

तिसरी पायरी: कागदपत्रं

मूळ कागद एकाच जलरोधक पाकिटात, पिशवीच्या शेजारी. झेरॉक्स पिशवीत. फोटो फोनमध्ये, आणि दुसऱ्या गावात राहणाऱ्या एका विश्वासू माणसाकडेही. महत्त्वाचे पाच-सहा फोन नंबर हाताने कागदावर लिहा, फोन बंद पडल्यावर ते कोणालाही आठवत नाहीत. रोख रक्कम लहान नोटांत ठेवा. वीज आणि नेटवर्क गेलं की कार्ड चालत नाही, आणि मोठ्या नोटेला सुट्टे मिळत नाहीत.

चौथी पायरी: बाकीचं

डोक्याला बांधायचा टॉर्च, सेल त्यातून काढून वेगळे. जुना पण चालणारा चष्मा. शिट्टी. चार्जर आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक, दर तीन महिन्यांनी चार्ज केलेली. ओआरएसची पाकिटं. न शिजवता खाता येईल असं थोडं. एक कपड्यांचा जोड, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. सॅनिटरी पॅड, बाळाचे लंगोट, ज्यांना लागतात त्यांच्यासाठी. वणव्याची भीती असेल तिथे एन९५ मास्क, कारण साध्या कापडी मास्कने धुराचे बारीक कण अडत नाहीत. मेणबत्त्या नकोत, गॅसगळती झालेल्या घरात त्या जीव घेतील.

बंद बूट पिशवीला बांधून ठेवा. फुटलेल्या काचांवरून चपलेने चालता येत नाही.

लहान मुलाच्या खिशात त्याचं नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. पाळीव प्राणी असेल तर त्याला न्यायची पेटी किंवा पट्टा पिशवीजवळच हवा, आणि जिथे जाणार तिथे त्याला घेतात का, हे आजच विचारून ठेवा.

पाचवी पायरी: जागा आणि दारावरचा कागद

पिशवी दाराजवळ, हाताला लागेल अशी. माळ्यावर नाही, पलंगाखाली सामानामागे नाही. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. आधीपासून भरून ठेवता न येणाऱ्या गोष्टी त्यावर क्रमाने लिहा: औषधांचा डबा, फ्रिजमधलं इन्सुलिन, फोन, कागदांचं पाकीट, चाव्या. त्याखाली वेळ असेल तरच करायचं: गॅस बंद, मेन स्विच बंद. आणि अगदी खाली, तासभर मिळाला तर घ्यायच्या वस्तू: फोटोंचा अल्बम, हार्ड डिस्क, मुलीचं पहिलं झबलं. कसोटीत न बसणाऱ्या पण मनाला लागणाऱ्या वस्तूंना ही जागा आहे, पिशवी नाही.

मग एकदा सगळ्यांनी पिशव्या पाठीवर घ्या, दिवे बंद करा आणि जिना उतरून कोपऱ्यापर्यंत चालून या. ज्याला धाप लागली त्याच्या पिशवीतून घरी आल्या आल्या दोन वस्तू कमी करा. त्या औषधांच्या कप्प्यातल्या नसाव्यात.