किमान पायथन व्हर्जन वाढवताय? या चुका टाळा

पुण्यात हिंजवडी-खराडीच्या आयटी ऑफिसात सगळ्यांच्या लॅपटॉपवर पायथन ३.१३ असतं, म्हणून आपल्या लायब्ररीला (इतरांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडला) लागणारं किमान पायथन व्हर्जनही वर न्यावंसं वाटतं. पण भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपच्या पीसीवर उबुंटू २०.०४ असेल, तर तिथे मुळात पायथन ३.८ आहे. तो पीसी मशीनला जोडलेला असतो. ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची म्हणजे काम थांबवायचं, आणि मालक त्याला लवकर तयार होत नाही. (गुरुवारी लाइट जाते, तेवढीच काय ती उसंत.)

‘मॅच स्टेटमेंट (पायथन ३.१० मध्ये आलेली वाक्यरचना) वापरता येईल’ एवढ्यासाठी अशा लोकांना तोडू नये. आपली लायब्ररी ज्यावर उभी आहे त्या नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) २.१ ला पायथन ३.१० लागतं आणि जुन्या पायथनवाल्यांसाठी कोडच्या दोन वाटा सांभाळून जीव मेटाकुटीला आलाय, हे मात्र खरं कारण.

‘सपोर्ट संपला, आता सोडा’ हेही अर्धंच खरं. पायथन ३.९ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, पण रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ चं मूळ पायथन तेच आहे आणि त्याचे पॅच रेड हॅट देत राहते. मग फुकटात लायब्ररी सांभाळणाऱ्याने तोवर थांबायचं का? माझ्या मते नाही. त्या ग्राहकांना आपलं जुनं रिलीज पिन करून (म्हणजे तेच व्हर्जन ठरवून) वापरता येतं. फक्त त्यांना आधी कळवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मेटाडेटात, म्हणजे पॅकेजसोबत दिलेल्या माहितीत. कोडमध्ये ‘मॅच’ आलं, पण पायप्रोजेक्ट फाइलमधलं ‘रिक्वायर्स-पायथन’ ३.८ वरच राहिलं. मग पायथन ३.८ वर पिप (पॅकेज इन्स्टॉल करणारं टूल) नवं रिलीज बिनबोभाट इन्स्टॉल करतं आणि इम्पोर्ट करताच सिंटॅक्स एरर येतो. मग घाईघाईत लायब्ररीच्या, समजा, २.५.० नंतर २.५.१ काढून त्यात किमान पायथन ३.१० लिहिलं जातं. तरी तक्रारी थांबत नाहीत! कारण ३.८ वरचं पिप २.५.१ वगळतं आणि चुकीच्या मेटाडेटाचं २.५.० च उचलतं. त्यासाठी २.५.० पायपीआयवर (पायथन पॅकेजच्या ऑनलाइन भांडारात) ‘यँक’ करावं, म्हणजे मागे घेतल्याची खूण करावी लागते. मग पिप मागच्या चालणाऱ्या रिलीजवर जातं. डिलीट करू नका. यँक केलेलं रिलीज नेमकं पिन करणाऱ्यांना मिळत राहतं. डिलीट केलं तर त्यांचे बिल्ड कोसळतात.

हे आधीच पकडायचं तर सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेत) आपण सपोर्ट करतो ते सगळ्यात जुनं पायथन व्हर्जन हवंच. ‘इंट | नन’ (पूर्णांक किंवा काहीच नाही) असं टाइप हिंट, म्हणजे व्हॅल्यूचा प्रकार सांगणारी खूण, ३.१२ वर निमूट चालतं, तर ३.८ वर फंक्शन डिफाइन होतानाच टाइप एरर देतं. अशा ओळी रिव्ह्यूत नजरेतून सुटतात. सीआयमधून ३.८ काढायचं, तर मेटाडेटातला बदलही त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (कोडबदलाच्या प्रस्तावात) करा.

डाउनलोडच्या आकड्यांवर फार विसंबू नका. त्यात सीआयची मशीनंच पुन्हा पुन्हा मोजली जातात. उलट, इंटरनेट नसलेल्या कारखान्यातला पीसी त्यात दिसतच नाही.

आणि लायब्ररीत ‘३.१३ पेक्षा कमी’ अशी वरची मर्यादा सहसा घालू नये. नवं पायथन घेतलेल्या माणसाला पिप मर्यादा नसलेलं, दोन-तीन वर्षांपूर्वीचं रिलीज शोधून देतं, आणि तो बिचारा तुम्ही कधीच दुरुस्त केलेला बग तुमच्याकडे नव्याने नोंदवतो.