निरोगी पेशी कुठली, ते आधी ठरवा

अंडाशयाच्या कर्करोगातली जनुकं तपासायला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी आधी हेच विचारते: तुलना कशाशी करणार? अख्ख्या निरोगी अंडाशयाचा तुकडा घेऊ नका. त्यात बहुतांश आधारपेशी असतात, गाठ मात्र सहसा अस्तरपेशींची. मग दिसणारा फरक कर्करोगाचा की पेशींच्या जातीचा, हे कळतच नाही. माझे पहिले सहा महिने यातच वाया गेले. आजही हळहळ वाटते. हाय-ग्रेड सीरस हा या कर्करोगाचा आक्रमक प्रकार बहुतेकदा बीजवाहिनीच्या टोकाच्या अस्तरात सुरू होतो, म्हणून तिथल्या पेशी घ्याच.

कुठलं जनुक किती सक्रिय आहे हे सांगणाऱ्या आरएनएच्या मोजण्या डीईसेक२ या तुलना करणाऱ्या सॉफ्टवेअरला कच्च्याच द्या. त्याच्या उत्तरात लॉग२ फरक (२ पायाच्या लॉगमध्ये मोजलेला) १ म्हणजे दुप्पट. २०,००० जनुकांना पी-मूल्याची (फरक योगायोगाचा असण्याच्या कसोटीची) ०.०५ची मर्यादा लावली, तर हजारभर निव्वळ योगायोगानेही ‘वेगळी’ ठरतील. म्हणून एफडीआर दुरुस्ती, म्हणजे खोट्या निष्कर्षांचं प्रमाण आवरणारी दुरुस्ती, टाळू नका.

मग ओळखीची जनुकं पाहा. एचई४ हे प्रथिन बनवणारं डब्ल्यूएफडीसी२ जनुक अंडाशयाच्या पृष्ठपेशींच्या तुलनेत गाठीत वाढलेलं दिसतं. बीजवाहिनीत ते मुळातच असतं, तेव्हा तिथे फरक कमी दिसला तर घाबरू नका. गाठी रोखणाऱ्या टीपी५३ जनुकाची मात्र नुसती पातळी पाहू नका, उत्परिवर्तन (जनुकातला बदल) शोधा. हाय-ग्रेड सीरस प्रकारात ते जवळजवळ प्रत्येक गाठीत सापडतं.