आपोआप जाणाऱ्या ईमेलची साखळी अशी तोडा

गणपतीत बेळगावच्या उद्यमबागेतला फाउंड्रीवाला ‘कारखाना बंद आहे’ असं आपोआप उत्तर लावून गावी जातो. कोल्हापूरकडच्या गिऱ्हाइकाने ‘आपला मेल मिळाला’ अशी पोच लावलेली असते. पोचेला सुट्टीचं उत्तर, त्या उत्तराला पुन्हा पोच. कुलूप उघडेपर्यंत इनबॉक्स तुंबलेला आणि खरी ऑर्डर त्यात गाडलेली. एका बाजूने नीट बंदोबस्त केला तरी हे थांबतं, त्यामुळे समोरच्यावर विसंबू नका.

जीमेलचं सुट्टीचं उत्तर वापरत असाल तर फारशी काळजी नको; ते एकाच माणसाला चार दिवसांत एकदाच जातं. खरा धोका वेबसाइटवाल्याने लिहून दिलेल्या पोच-प्रोग्रामात असतो. त्याच्याकडून पुढची कामं करून घ्याच.

आधी, येणारा मेल माणसाचा आहे की यंत्राचा, हे प्रोग्रामने ओळखायला हवं. मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या, एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक ओळींमध्ये, ‘ऑटो-सबमिटेड’ (आपोआप पाठवलेला) ही ओळ असेल आणि तिच्यापुढे ‘नो’ सोडून काहीही असेल, तर उत्तर द्यायचं नाही. ‘रिटर्न-पाथ’, म्हणजे न पोचलेला मेल जिथे परत पाठवायचा तो पत्ता, रिकामा असेल, नुसते <> असे कोनी कंस असतील, तर तो बहुधा न पोचता परत आल्याची सूचना असते, तिथेही गप्प. एकाच वेळी अनेकांना जाणाऱ्या यादीच्या मेलवर असते ती ‘लिस्ट-आयडी’ दिसली तरी तेच.

मग स्वतःच्या उत्तराच्या हेडरमध्ये ‘ऑटो-सबमिटेड: ऑटो-रिप्लाइड’ ही ओळ इंग्रजीत घालायची. २००४ सालच्या आरएफसी ३८३४ या इंटरनेटच्या मानकात ही शिफारस आहे, म्हणून शहाणे सर्व्हर ती ओळखतात.

तरीही ही ओळ न लावणारे प्रोग्राम भेटतातच. त्यांच्यासाठी मर्यादा हवी: एका पत्त्याला सात दिवसांत एकच उत्तर. हिशेब पत्त्यावरच ठेवायचा, विषयावर कधीही नाही. पोचेच्या विषयात दर वेळी नवा तक्रार क्रमांक येतो आणि प्रोग्रामला प्रत्येक मेल नवाच वाटतो. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची अट हीच. वेळ कमी असेल तर निदान एवढी तरी आजच बसवून घ्या.

ऑफिसचा मेल घरच्या पत्त्यावर आणि घरचा पुन्हा ऑफिसला फॉरवर्ड होत असेल, तर त्यातला एक बंद करा. मेल ज्या ज्या सर्व्हरमधून जातो तो हेडरमध्ये ‘रिसीव्हड’ अशी एक ओळ घालतो; सर्व्हर या ओळी मोजून असा फेरा पकडतात खरे, पण ती मर्यादा सर्व्हरगणिक वेगळी असते आणि ती गाठेपर्यंत मेल फिरतच राहतो.

शेवटी चाचणी. दोन पत्त्यांवर आपोआप उत्तर चालू करा, एकावरून दुसऱ्याला मेल टाका आणि तासाभराने दोन्ही इनबॉक्स बघा. दुसरं उत्तर आलेलं दिसलं, तर सुट्टीवर जाण्याआधी प्रोग्राम बंद ठेवा.