क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर: या चुका टाळा

2025 मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि मुंबईत जो तो कबुतरांवर बोलू लागला. मेंदूज्वर करणारी क्रिप्टोकॉकस ही बुरशी त्यांच्या विष्ठेत सापडते, हे खरं. पण गॅलरीत घाण दिसली म्हणून धडधाकट माणसाने तपासण्यांच्या मागे लागू नये. ही बुरशी एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. धोका आहे तो एचआयव्हीमुळे सीडी4 (प्रतिकार करणाऱ्या पेशींची रक्तातली संख्या) 100 च्या खाली गेलेल्यांना, किडनी बदललेल्यांना, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांना. या लोकांनी मात्र वाळलेली विष्ठा झाडू नये. ते काम दुसऱ्यावर सोपवावं.

खरा घोटाळा पुढे होतो. यांच्यापैकी कुणाचं डोकं पंधरा दिवस ठणकतं, बारीक ताप, उलट्या. घरचे म्हणतात ॲसिडिटी. मान आखडायची वाट पाहू नका, ती आखडेलच असं नाही.

आपल्याकडे मेंदूज्वर म्हटला की आधी टीबीचा संशय येतो आणि तो चूक नसतो. पण मणक्यातल्या पाण्याचा रिपोर्ट दोन्हींत सारखा दिसू शकतो, आणि टीबीच्या मेंदूज्वरात उपयोगी पडणारं डेक्सामेथासोन इथे घातक ठरतं. या आजारात डेक्सामेथासोन देऊन पाहणारा, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास नुकसान दिसल्यामुळे मध्येच थांबवावा लागला होता. म्हणून इंडिया इंक (त्या पाण्यात शाई घालून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधायची तपासणी) निगेटिव्ह आली तरी क्रिप्टोकॉकल अँटिजेनची, म्हणजे या बुरशीचा अंश शोधणारी, चाचणी झाली का, हे विचारा. ती रक्तावरही होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक नातेवाईकांची: ‘पाठीतलं पाणी काढू देणार नाही, माणूस लुळा पडेल.’ उलट, या आजारात डोक्यातला दाब वाढतो, त्याने नजर जाते, जीवही जातो. पाणी काढणं इथे उपचारच असतो आणि कधी कधी ते रोज काढावं लागतं. सही करा.

एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांची, घाईही नको. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती एक-दोन आठवड्यांत सुरू केलेल्यांपैकी 45 टक्के सहा महिन्यांत दगावले. पाच आठवडे थांबलेल्यांपैकी 30 टक्के.

इंजेक्शनं मात्र कमी झाली आहेत. 2022 पासून जागतिक आरोग्य संघटना एचआयव्ही असलेल्यांसाठी लायपोसोमल अँफोटेरिसिन या बुरशीविरोधी इंजेक्शनचा एकच मोठा डोस आणि सोबत 14 दिवस फ्लुसायटोसिन व फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी गोळ्या सुचवते. नंतर फ्लुकोनॅझोल निदान वर्षभर चालतं. डोकं दुखायचं थांबलं म्हणून गोळी थांबवू नका. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर रक्तातलं फ्लुकोनॅझोल घटतं, म्हणून दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा.